टाकीतलं तीर्थ

आसुडाचा चौथा फटका बसला, सोजरबाईची चोळी पाठीवर फाटली आणि करकंबच्या बाजारात गिरणीपुढं जमलेली शे-दीडशे माणसं एका सुरात ओरडली, "चन्नप्पा महाराज की जय!" सन एकतीसचा उन्हाळा होता. त्या गर्दीत मीही होतो, गावचा शाळामास्तर. ओरडलो नाही, पण पुढेही झालो नाही.

सोजरबाईचा नवरा भीमा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडून महिन्यापूर्वी मेला. रॉकेलवरचं इंजिन आता ती एकटी चालवी. दीर रावजीला गिरणी हवी होती. त्यानं अक्कलकोटकडून हा देवरुषी आणला. चन्नप्पा आठ दिवस रोज सकाळी 'शांतीसाठी' इंजिनाच्या रॉकेलच्या टाकीत लोटाभर तीर्थ ओती, आणि सोजरबाईनं चाक फिरवलं की इंजिन दोनदा खोकून बंद पडे. टाकीला मात्र तिनं हात लावायचा नाही, अशी त्याची ताकीद होती.

"बघा की!" भंडारा उधळत चन्नप्पा गरजला. "लोखंडाला सुदिक कळतं! नवरा खाल्लेल्या बाईचा हात त्येला चालत न्हाय. ही गावाबाहीर गेली की इंजिन पाखरावानी गाईल!"

रावजीनं तिचे केस मुठीत धरले होते. पाचवा फटका तोंडावर बसला. दात पडला. ती रक्त थुंकली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, ह्यास्नी धरा. मला टाकीपतुर जाऊ द्या. मग मारा मरंपतुर."

तेव्हा कुठं माझे पाय हलले. मी चन्नप्पाचा हात धरला; आसुडाच्या टोकानं माझी भुवई फाटली.

त्या झटापटीत रावजीची मूठ सुटली आणि सोजरबाई रांगत टाकीखाली गेली. बुडाची तोटी उघडून तिनं ओंजळ भरली आणि माझ्यापुढं धरली. पाणी! हळदीनं पिवळं, वर लिंबाचं पान.

"ह्येचं तीर्थ," ती म्हणाली. "त्येल वर ऱ्हातं, पाणी बुडाला बसतं, आन् इंजिन बुडातनंच पितं. तीन वर्सामागं मीच झाकण पावसात उघडं ठिवलं हुतं. तीन दिस समदं इंजिन खोललं, बोटं भाजली, नख गेलं, तवा कळलं."

पाणी संपून रॉकेल आलं. तेल पेटावं म्हणून तिनं दिव्याच्या झोतानं इंजिनाचं डोकं तापवलं, चाक ओढलं. घाईत ते अर्धवट ओढलं गेलं आणि उलटं उसळलं. मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"चूक माजी," ती दात आवळून म्हणाली आणि डावा हात, खांदा लावून चाक पुन्हा ओढलं. इंजिन लागलं.

"मारा भोंदूला!" जयजयकार करणाऱ्यांनीच दगड उचलले. चन्नप्पाचं डोकं फुटलं. रावजी गुडघ्यावर आला, "ह्यानंच शिकिवलं मला!"

सोजरबाई मध्ये उभी राहिली. "त्येला मारून तुमास्नी काय कळंल? फौजदाराकडं द्या दोगास्नी. आन् तुमी हितं या. टाकीत पाणी वता, तोटी सोडा. सवताच्या हातानं बघा."

सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी अंबुबाई आधी पुढं आली. मान खाली घालून तिनं तोटीखाली हात धरला.

तेल पाण्यावर तरंगतं, हे मी अकरा वर्षं फळ्यावर शिकवत होतो. आठ दिवस माझ्या डोळ्यांदेखत टाकीत पाणी पडलं, तरी मला काही सुचलं नाही. कारण माझा हात तेलात कधी बुडालाच नव्हता. म्हणून सांगतो, बिघडलेलं आधी खोलून बघा. चुकाल, भाजाल, पुन्हा बघा. पण तोवर कुणाच्या पाठीवर आसूड उगारू नका. आणि कुणी उगारला, तर माझ्यासारखे पाचव्या फटक्यापर्यंत थांबू नका.