मियोची मावशी

कौसल्याबाईंचं सकाळचं मौन गल्लीभर ठाऊक होतं. अंघोळ, दिवा, पोथीचा एक अध्याय, आणि वाचन संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. गुंजन शाळेत असताना नेमकी तेव्हाच तिची घाई असायची, म्हणून मायलेकींनी तोड काढली होती. बांगडी एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही.

आता गुंजन पुण्यात नोकरीला. संध्याकाळी फोन यायचा.

"बरी आहेस न?"

"हो."

"डबा बरा येते न?"

"हो."

झालं बोलणं. कॉलेजात असताना एकदा तिनं मंगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, पुस्तक उघडून आईला एक चित्र दाखवायला घेतलं होतं. "हे पोरखेळ किती दिवस?" एवढंच कौसल्याबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून पोरीनं मनातलं सांगणं बंद केलं.

या श्रावणात बाईंनी आणखी एक नेम धरला. पोथीनंतर लेकीच्या फळीवरच्या मंगाचा एक अध्याय. पुस्तक इंग्रजीत होतं, पण बाईंनी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवलेलं, भाषा अडली नाही. पहिलं पान सूचनांचं होतं. पोथीचीही पहिली पानं प्रकाशकाचीच असतात, म्हणून ते त्यांनी न वाचताच उलटलं. गोष्ट बेटावर कंदील लावणाऱ्या मियोची आणि तिच्या आजोबांची होती. जरा कोड्यात टाकणारी, पण मन लागलं.

पुस्तक संपल्यावर त्या फेसबुकवर नागपूरच्या मंगावाल्यांच्या ग्रुपात 'मियोची मावशी' या नावानं शिरल्या. तिथं आवडत्या प्रसंगांच्या गप्पा रंगल्या होत्या. त्यांनी लिहिलं, "सुरुवातीला आजोबांची खाट रिकामी असते. मग आजोबा उठून बसतात. पुढे, घर सोडून गेलेली मियो परत येते. गेलेलं सगळं परत येतं, म्हणून मला हे फार आवडलं." सोबत फोटो जोडला. चौरंगावर उघडं पुस्तक, खुणेला मोरपीस.

रोशन नावाच्या मुलानं लिहिलं, "मावशी, उलटं वाचून राहिल्या तुम्ही. हे उजवीकडून सुरू होते. आजोबा शेवटी जातात जी."

"मावशीनं तर मेलेला माणूस उठवला," दीक्षानं भर घातली. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

बाईंचे कान तापले. ग्रुप सोडावा म्हणून बोट नेलं, तर खाली नवी ओळ आली होती. नावाच्या जागी नुसता कंदील. "हसू नका कोणी. मी आत्ता मोबाइलवर मागून वाचून पाहिलं. आजोबा खरंच उठून बसतात."

त्यांनी ग्रुप सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पोथीचा अध्याय अर्धा झाला असताना फोन वाजला. गुंजनचा. या वेळी ती कधीच करत नसे. पोरीला काही झालं तर नाही? मौन मोडायचं की कसं, या विचारातच बाईंनी फोन कानाला लावला.

"बोलू नको वं आई, नेम मोडन तुझा. मी मजेत आहे. काल ते कंदीलवालं मीच लिहिलं. चौरंग नाही का ओळखणार मी?" मग ती म्हणाली, "माझे पुस्तकं रोज वाचून राहिली तू?"

बांगडी एकदा वाजली.

"मंग आता उजवीकडून सांगते मी. ऐकशील?"

एकदा.

गुंजन सांगत गेली. बेट, वारा, मियोचा पहिला कंदील. किती वर्षांनी तिचा इतका आवाज घरात येत होता. आजोबा खाटेवर आडवे झाले तिथं मात्र तिचा आवाज अडखळला.

"ऑफिसले उशीर होते... थांबू का आई?"

बांगडी दोनदा वाजली.