हात मांडीखाली

मोठ्या बाईंनी साईपुढे गणवेशाचा शर्ट ठेवला आणि म्हणाल्या, "घाल बरं बाळा, आणि बटणं लाव." मी समोरच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली घालून. मनात म्हटलं, लाव माझे राणी, एकदा दाखवच यांना.

पहिलीचे प्रवेश चालू होते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यापासून ही शाळा जवळ, आणि बाईही भल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वर्गात पोरं भरपूर, मदतीला कोणी नाही, तेव्हा मुलीला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. बटण लावणं, डबा उघडणं, बाथरूमला जाऊन येणं. तेवढं दाखवलं की प्रवेश पक्का.

साईनं शर्ट अंगात घातला. वरचं बटण चिमटीत धरलं, काजापाशी नेलं आणि सोडून दिलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. मग खालचा ओठ काढून म्हणाली, "नाय जमत." आणि बाईंच्या टेबलावरच्या मोबाईलकडे बघून गोड हसली.

मी बघतच राहिले. अहो, सकाळीच या पोरीनं फ्रॉकची सगळी बटणं लावली होती, आणि वर मला विचारत होती, तुझी लावून देऊ का! बाईंनी अजून दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं तेच केलं, आणि अगदी मन लावून केलं. शेवटी बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या वर्षी आणा, म्हणाल्या.

फाटकाबाहेर आल्यावर साई मला विचारते, "आई, त्यांनी टाळ्या का नाय वाजवल्या?" एक धपाटा ठेवून द्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

साई जन्मली तेव्हा उशिरा रडली. बोटांत जोर कमी, आणि एक हात दुसऱ्याचं ऐकत नाही. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी सांगितली तेव्हा मला वाटलं, मशीनबिशीन लावत असतील. सेंटरवर जाऊन बघते तर पोरं कणीक मळतायत, दोरीला कपड्यांचे चिमटे लावतायत. म्हटलं, एवढ्यासाठी रिक्षा करून यायचं? हे तर आमच्या घरी रोजचंच. तिथली स्नेहल हसली. ओझरला सासर असलेली, माझ्याहून लहान. म्हणाली, मग घरीच करा की, फक्त तुम्ही करायचं नाही, तिनं करायचं.

आमचा फुलांचा धंदा. साईला हारांपाशी बसवा असं स्नेहलनंच सांगितलं, जाड सुई आणि टपोरा झेंडू देऊन. बटणाची तर तिची रीतच न्यारी. आधी ती स्वतः बटण अर्धं काजात घालायची, फक्त शेवटची ओढ साईची. म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पोरीला. मग हळूहळू सगळंच साईचं. आणि आम्हा आयांना एकच शिस्त होती. पोर झगडत असलं की हात मांडीखाली घालून बसायचं, मध्ये पडायचं नाही.

वाटतं तेवढं सोपं नाही ते. पोरीच्या डोळ्यांत पाणी, सासूबाई म्हणतायत कसल्या काळजाची आई आहे ही, आणि मी आपली स्वतःच्या हातांवर बसलेली. हातांना मुंग्या यायच्या. पण दोन वर्षं बसले, आणि पोरगी शिकली. त्यासाठी मी स्नेहलचे पाय धरले असते.

अगदी पहिल्या दिवशी तिनं व्हिडिओचं विचारलं होतं, सेंटरला लागतात म्हणून. मी साफ नाही म्हटलं. माझ्या पोरीची फजिती चार लोकांनी का बघावी? तेव्हा स्नेहलनं माझा हात धरून सांगितलं, "साईची आई, मी असेपर्यंत हिचा व्हिडिओ कोणी काढणार नाही." त्या शब्दावर मी विसंबले. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावून धाकट्या बहिणीसारखी तिची ओटी भरली.

शाळेतून येऊन हार करायला बसले, तर माझी जाऊ प्रतिभा मोबाईल घेऊन आली. "ही आपली साईच हाय ना गं?" सेंटरच्या नव्या शाखेची जाहिरात होती. एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर'. 'नंतर'मध्ये साई भराभर बटणं लावते आणि मागून टाळ्या पडतात. 'आधी'मध्ये ती बटण काजापाशी नेते, सोडून देते आणि ओठ काढून म्हणते, नाय जमत.

प्रतिभा म्हणाली, लय सुधारली की पोर. मी मात्र 'आधी'मधल्या साईचं तोंड बघत होते. समोरचा दात नव्हता. तो दात या पाडव्याला पडला. दोन वर्षांपूर्वीच्या साईला सगळे दात होते. म्हणजे हे 'आधी' आत्ताचंच होतं.

साईला विचारलं तर ती खुशीतच सांगायला लागली. "स्नेहलताई म्हणाली, पहिले येत नव्हतं ना, तसं कर. तू बाहेर बसली होतीस ना, तेव्हा मोबाईल धरला होता. मी लय भारी केलं म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चॉकलेट पण दिलं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं कापला असता तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर गेले. एरवी मी तिला अगं स्नेहल म्हणायचे, त्या दिवशी मॅडम म्हटलं. तिथंच तिचा चेहरा उतरला. सांगायला लागली की उद्घाटनासाठी वरून मागणी होती, आधीचा व्हिडिओ नव्हताच, कारण मीच काढू दिला नव्हता. पाच मिनिटांचा खेळ होता हो, म्हणाली. म्हणजे खापर माझ्याच माथी! मग मी तिला शाळेतलं सांगितलं, सगळं. तिचे डोळे भरले. तिची माया खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. म्हणूनच तर जीव जळतो.

मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर. आईच्या नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतं? बाईंना सांगा, हिला येतं, ते नाटक मी करायला लावलं."

तिनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "माझी नोकरी जाईल, साईची आई."

मी बरं म्हटलं, साईचा हात धरला आणि घरी आले.

आज सकाळी साई आंघोळ करून आली आणि हौसेनं आधीच आणून ठेवलेला गणवेश तिनं अंगात चढवला. मी सवयीनं हात मांडीखाली घालून समोर बसले. बटण चिमटीत धरून तिनं मला विचारलं, "आई, आधीचं करू का नंतरचं?"

"खरं कर," मी म्हटलं.

तिनं खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली. गळ्याजवळचं जरा अडलं, तेही लावलं. मग मान वर करून माझ्याकडे बघत उभी राहिली. टाळ्यांची वाट बघत होती, मला कळत होतं. पण माझे हात मांडीखालून निघेनात.

मग तिनं स्वतःच दोन टाळ्या वाजवल्या, आणि सुई घेऊन झेंडूच्या ढिगापाशी जाऊन बसली.