गारगोट्यांचं वावर

वाटणी झाली तवा काळी जमीन माह्या दिरानं, शेषरावनं, घेतली अन् गारगोट्यांचं वावर आमच्या पदरात टाकलं. वरून हासत म्हने, "वहिनी, गोटे पेरा अन् गोटे खा!" माहे मालक उकंडराव गप बसले. मी काऊन गप बसू? पांढरे गोटे वेचू वेचू धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ह्यो मोठा ढीग लावला.

महाराष्ट्र होऊन पाच-सात वर्सं झाली असतीन. एक सरकारी प्रयोगशाळेचा साहेब जीप घेऊन वडनेरले आला अन् माह्या ढिगापाशी थांबला. म्हने, "ट्रान्झिस्टर रेडिओ ज्यामुळे बोलतो ते सिलिकॉन या गारगोटीतून निघतं. ते आपल्या देशातच करून पाहायचंय. एक पोतं द्या, पण लाल डाग किंवा मातीचा कणही चालणार नाही."

शेषराव लगेच बोलला, "या बाईच्या वावरात डागच डाग हायेत, साहेब."

असा राग आला मले! म्हनलं, "उद्या दुपारी या. एक बी डाग निंगला तं हे वावर भाऊजीले फुकट देऊन टाकीन."

तुरीची डाळ निवडतो तसा एकएक गोटा उन्हात फिरवून पाह्यला. धुतले, धोतरावर वाळवले, पोतं भरलं. अन् मायबाई, आपली सवय! चांगल्या कामाले चाललं म्हनून वरच्या गोट्यांले हळद-कुंकू वाह्यलं.

साहेबानं पोतं उघडलं अन् कपाळाले हात लावला. शेषराव टाळी वाजवून वरडला, "निंगला डाग!"

मी पोत्याजवळ गेली. म्हनलं, "हा डाग माह्या हातचा हाय, वावराचा नाही. साहेब, बसा जरा."

सारं पोतं धोतरावर रिकामं केलं. कुंकू लागलेला, त्याच्या शेजारचा, त्याच्याही खालचा गोटा बाजूले काढला. हात धुतले अन् सगळ्यांसमोर पुन्हा निवडाले बसली. धुऱ्यावरचे नवे गोटे धुऊन, वाळवून भरले. साहेबानं भिंग लावून एकएक गोटा पाह्यला. दिवस मावळाले आला. एक बी डाग नाही! साहेबानं पोत्यावर खडूनं लिवलं, 'मंजुळाबाईंचं वावर, वडनेर भोलजी.'

दोन महिन्यांनी कागद आला. नमुना पास, अजून दोन पोते पाठवा, पैसे मिळतील.

शेषरावच्या ओट्यावर आता ट्रान्झिस्टर वाजते. त्यात माहा गोटा नसन, एवढं मलेही समजते. पण तो वाजला का मान ताठ होते माही. परवा शेषराव हळूच आला अन् म्हने, "वहिनी, वावर बदलता का?"

म्हनलं, "नाही हो भाऊजी. तुमी काळी जमीन पेरा अन् खा. आमी आमचे गोटे खातो."