एकीच्या गोळ्या दोघींना

कारखान्यात शर्टांना काजं करणाऱ्या थोरलीला क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले, तोच धाकटीही खोकायला लागली. दोघी आणि आई, अशी तिघींची एकच खोली. खिडकी समोरच्या भिंतीला टेकलेली, उघडली काय नि मिटली काय.

धाकटी पाळणाघरात तान्ही मुलं सांभाळायची. आजाराचा सुगावा लागला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, म्हणून तिने दवाखान्याचं नावच काढू दिलं नाही. थोरलीचा ताप तर गेला होता, भूकही लागत होती. मग तिनेच तोडगा काढला: गोळ्या एक दिवस आपण घ्यायच्या, एक दिवस धाकटीने. आईला याचा पत्ताच नव्हता.

पाचव्या महिन्यात थोरलीच्या थुंकीत रक्त दिसलं. पुन्हा तपासणी झाली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला बाहेर मोकळ्यावर बसवून सांगितलं, की जंतू आता या गोळ्यांना दाद देत नाहीत. दुसरं औषध, तेही कडक, आणि बरेच महिने.

"मध्ये खंड पडला होता का?"

थोरली नाही म्हणाली.

"घरात आणखी कुणी खोकतं?"

यालाही ती नाहीच म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर तिला कारखाना आठवला. तिथे कापडावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद असायच्या, बारा जणी कोपराला कोपर लावून बसायच्या. आणि धाकटी बाळांना खांद्यावर घेऊन निजवायची. ती घरी गेलीच नाही, तडक पाळणाघर गाठलं.

दारातून तिला धाकटी दिसली. एका बाळाला थोपटताना तिला ढास लागली. तिने ओढणीत तोंड खुपसलं आणि ढास थांबताच गाल पुन्हा बाळाच्या टाळूला टेकवला. थोरलीने तिला बाहेर बोलावलं.

"चल दवाखान्यात. सगळं सांगून टाकायचंय."

"माझी नोकरी जाईल, ताई."

"जाईल," थोरली म्हणाली. धीर देण्यापुरतं खोटंही तिला सुचेना.

नर्सबाई रागावल्या नाहीत, त्याचीच दोघींना जास्त धास्ती वाटली. त्यांनी आईला तपासणीला बोलावलं, कारखान्याचा पत्ता घेतला आणि बाळांची नावं लिहून घेतली. धाकटीचे जंतूही तसेच चिवट निघाले. नोकरी गेली.

तपासणीत आई आणि कारखान्यातल्या बायका सुटल्या. सहापैकी पाच बाळं ठणठणीत निघाली. सहाव्याची तपासणी पुन्हा करायची ठरली. ते दोन आठवडे बहिणी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हत्या. नवं औषध पोटात ढवळायचं, तरी एकही गोळी चुकली नाही.

सहावं बाळही निर्धोक निघालं. थोरलीला रडू फुटलं. नर्सबाई म्हणाल्या, "हे जंतू उशिरानेही डोकं वर काढतात. तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा बघायचं."

धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला.