लालासाहेबाचं उष्टावण

आप्पासोंचा नातू सहा महिन्यांचा झाला तेव्हा त्याचं उष्टावण थाटात करायचं ठरलं, आणि थाटात ठरलं म्हणूनच ते लांबलं. साध्या घरात पोराचा मामा येतो, भाच्याला मांडीवर घेतो, खिरीचं बोट त्याच्या तोंडाला लावतो आणि जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. पण आपलं घर साधं नाही, असं आप्पासोंचं मत होतं. रहिमतपूरच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव होतं, तिथं त्यांचा ऊस होता, गावात सगळ्यात आधी लोखंडी चरक त्यांच्या गुऱ्हाळावर आला होता, आणि सुनेचा भाऊ सयाजी पलटणीत हवालदार होता. नातवाचं नाव त्यांनी लालासाहेब ठेवलं होतं. पुढं कुणी ‘साहेब’ म्हणायला विसरू नये, याची ती आधीच केलेली सोय होती.

"लालासाहेबाला पैला घास हवालदार मामाच्या हातचा. त्यो बी वर्दीत," त्यांनी चावडीवर जाहीर केलं. "तवर पोराच्या तोंडाला अन्नाचा कण लागायचा न्हाई."

सयाजी तेव्हा ब्रह्मदेशात होता. लढाई संपल्याचं चावडीवर वाचून दाखवलं गेलं, गूळ वाटला गेला, पण रजा काही मिळेना. सहावा महिना गेला. मुलाला सम महिना लागतो, असं जोशीबुवांनी सांगितलं म्हणून आठव्यावर ढकललं.

लालासाहेब मात्र ढकलला जायला तयार नव्हता. घरात कुणी जेवायला बसलं की तो रांगत समोर यायचा आणि घास उचलला की आपलं तोंड उघडायचा. घास दुसऱ्याच्याच तोंडात गेलेला पाहून तो असा भोकाड पसरायचा, की जेवणाऱ्याला घास गिळवत नसे. आजी चंद्राबाई म्हणाली, नजर लागली. मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकलं. आप्पासो म्हणाले, दात येत असणार. शेवटी रहिमतपुराहून वैद्य विष्णुपंतांना गाडी जुंपून आणलं.

पंतांनी पोराची जीभ पाहिली, पोट चेपून बघितलं आणि म्हणाले, "याला भूक लागली आहे."

"ते आमाला बी कळतंय. औषध काय?"

"मऊ भात आणि मुगाचं पाणी. आधी एक बोट, सोसलं की दोन."

"पंत, मी औषध इचारलंय. सैपाक न्हाई."

पंत फार वर्षं वैद्यकी करत होते. त्यांनी मुकाट्यानं बटव्यातून सुंठीची पूड काढली, पुड्या बांधल्या आणि दाराआड उभ्या असलेल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "ही पुडी मऊ भातात कालवूनच द्यायची. नुसती दिली तर लागू पडत नाही."

"भात वगळून," आप्पासोंनी घरात हुकूम सोडला.

सून विजयमाला सासऱ्यापुढं मान वर करून कधी बोलली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी आप्पासो मळ्यात गेल्यावर ती कणगीच्या आडोशाला बसली आणि गुरगुट्या भाताचं बोट तिनं पोराच्या ओठांना लावलं. लालासाहेबानं ते अधाशासारखं चोखलं. तिनं दुसरं बोट दिलं, मग तिसरं. नंतर तिनं पदरानं त्याचं तोंड पुसून काढलं. चोरी केल्यासारखं वाटत होतं आणि पोराला झोप लागलेली पाहून देव पावल्यासारखंही.

भांडी घासताना तिला वाटत होतं, हे आपल्याला एकटीलाच ठाऊक. पण पहाटे ताक घुसळायला बसलेली चंद्राबाई भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून नातवाला भरवत होती. पोराचा बाप नाथाजी बाजारातून येताना सदऱ्याच्या खिशात केळं लपवून आणत होता. आणि मटण शिजलेल्या दिवशी खुद्द आप्पासो नातवाला बैलं दाखवायच्या निमित्तानं गोठ्यात न्यायचे, धोतराच्या सोग्याखाली वाटी घेऊन. वाटीत शिजल्या मटणाचं बिनतिखटाचं अळणी पाणी असायचं. अळणी म्हणजे पाणीच, अन्न नव्हे, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. पुढं त्या पाण्यात भातही पडू लागला. त्याबद्दल मात्र त्यांनी स्वतःशी चर्चा केली नाही.

एवढी सगळी निष्ठा एकाच पोटात उतरल्यावर व्हायचं ते झालं. लालासाहेब गुबगुबीत झाला. तालमीतले पैलवान त्याच्या मांड्या चाचपून जाऊ लागले.

"नुसत्या आईच्या दुदावर!" आप्पासो चावडीवर सांगायचे. "अन्न शिवलेलं न्हाई. खानदानी पिंडच तसा."

गावानं ऐकलं, आणि पोर डोळ्यांनी दिसतच होतं. शेजारच्या धोंडुबाईला बनी नावाची नात होती. पाचव्या महिन्यापासून ती नाचणीची पेज खात होती आणि बरी वाढत होती. पण लालासाहेबाशेजारी ती उंदरासारखी दिसायला लागल्यावर धोंडुबाईनं पेज बंद केली. "मोठ्या घरात करत्यात ते उगंच न्हाई करत," ती म्हणाली. आणखी दोन-चार घरांत असंच झालं. बनीची आई लीलाबाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिला दूध पुरत नव्हतं. बनी आधी खूप रडली. मग तिचं रडणं बारीक होत गेलं.

एक दिवस विहिरीवर लीलाबाई भेटली. बनी तिच्या खांद्यावर मान टाकून होती; मनगटं काडीसारखी झालेली.

"विजूताई," लीलाबाई हळूच म्हणाली, "तुमी काय खाता वो? येवडं दूद कशानं येतंय? मला बी सांगा. माजी पोर वाळत चालली."

विजयमाला अर्धीच घागर घेऊन घरी आली. कणगीआड बसून तिनं वाटी उचलली, लालासाहेबानं नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि तिला तो घास त्याच्या तोंडात घालवेना. तिनं पोराला काखेत मारलं, वाटी घेतली आणि पुढच्या दारानं, सगळ्या गल्लीच्या देखत, धोंडुबाईच्या घरात शिरली.

बनीनं दोन बोटं चाटली, तेवढ्यात धोंडुबाई आली. "आगं, काय करतीस? अन्न घालतीस व्हय माज्या नातीला? तुजा वाढवायचा आन माजी मारायची?"

"माजा दोन म्हैन्यांपास्नं भात खातुया," विजयमाला म्हणाली. "ह्याच वाटीनं."

धोंडुबाईनं पदर खोचला आणि थेट आप्पासोंच्या सोप्यावर जाऊन उभी राहिली. तिथं आप्पासो चार माणसांना खानदानी पिंडाची गोष्ट सांगत होते. मागोमाग लालासाहेबाला घेऊन विजयमालाही आली.

"आप्पासो, तुमची सून म्हंती, पोरगं भात खातंय. खरं का खोटं?"

आप्पासो गरजले, "सूनबाई! माज्या घरात, माज्या माघारी?"

"तिच्यावर वरडू नगा," दारातून चंद्राबाई म्हणाली. "रोज फाटंचं मी भाकरी कुस्करून घालतीया."

"आत्याबाई, तुमी बी?" विजयमाला बघतच राहिली.

"मग काय पोर वाऱ्यावर वाढतंय व्हय?"

नाथाजी कोपऱ्यात आपल्या पायताणाकडं बघत पुटपुटला, "मी आपलं केळं... कवातरी."

"म्हंजे ह्या घरात शब्द पाळणारा मी येकटाच," आप्पासो म्हणाले. पण त्या दिवशी घरात मटण शिजत होतं आणि वास सोप्यापर्यंत आला होता. लालासाहेब आईच्या काखेतून खाली उतरला, त्यानं आजोबांचं धोतर ओढलं आणि गोठ्याकडं रांगत सुटला. उंबऱ्यापाशी थांबून त्यानं मागं पाहिलं, आजोबा येत नाहीत म्हटल्यावर तोंड वासलं आणि हाका मारल्यासारखा ओरडायला लागला.

सगळी माणसं आप्पासोंकडं बघत होती.

"गोठ्यात काय देता वो त्येला?" धोंडुबाईनं विचारलं.

"अळणी. अळणी म्हंजे अन्न न्हवं."

"नुसती?"

"भात... थोडा."

कुणीतरी हसलं. धोंडुबाई हसली नाही. "तुमचं ऐकून मी माजी नात उपाशी ठिवली की वो," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

आप्पासोंनी मिशीवरून हात फिरवला. मग माणसांकडं वळून म्हणाले, "जावा. ज्येनी ज्येनी पोरांचं बंद केलंय, त्येनी आजच चालू करा. आप्पासोंनी सांगितलंय म्हनावं." चूक कबूल करायला निघालेला माणूस वाटेतच हुकूम देऊन मोकळा झाला. आठवड्याभरात गावात असं बोललं जाऊ लागलं, की तान्ह्या पोराला वेळेवर मऊ अन्न द्यावं, ही गोष्ट आप्पासोंनीच शोधून काढली.

सयाजी दिवाळीच्या तोंडावर आला, वर्दीत. उष्टावणाला मांडव पडला. रेशनचे दिवस असूनही पंगत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तोवर लालासाहेबाला चार दात आले होते. मामानं चांदीच्या वाटीत बोट बुडवलं, तर भाच्यानं दोन्ही हातांनी वाटीच ओढून घेतली, खीर चाटूनपुसून संपवली आणि मामाच्या बोटाला कडकडून चावला.

"बगा!" आप्पासो मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले. "पैल्याच घासाला कसा तुटून पडतुया!"

सगळ्या गावानं माना डोलावल्या. पानं वाढून झाली होती आणि तूप यायचं होतं.

सयाजी बोट चोळत बहिणीच्या कानाशी वाकला. "विजू, खरं सांग. पैला घास हाय ह्यो?"

"तुज्या हातचा पैलाच, दादा," ती म्हणाली.

बायकांच्या पंगतीत लीलाबाई बनीला मांडीवर घेऊन आपल्या पानातला भात बोटांनी मऊ करत होती. धोंडुबाई पलीकडून वाढप्याला ओरडली, "आरं, हिकडं तूप वाढ की! पोरीच्या भाताला!"