समुद्र कोणाच्या हातून शांत होतो

यंदा नारळी पौर्णिमेला चाळीचा नारळ बुधाजी परबांनीच समुद्रात सोडला. पण प्रकरण कमिटीपुढे विचाराधीन असल्यामुळे अधिकृतरीत्या अजून कोणीच काही सोडलेलं नाही. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत गिरणी चालू होती तेव्हापासूनची पद्धत होती. गिरगाव चौपाटीवर जाऊन बुधाजींनी नारळ सोडायचा आणि समुद्रानं शांत व्हायचं. समुद्र आपलं काम कमीजास्त करायचा, बुधाजींनी कधी कसूर केली नाही. पुढे गिरणी गेली, मंडळाचं अध्यक्षपद गेलं, दात गेले. नारळ तेवढा उरला. फक्त मोतीबिंदूच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना पाण्यात जायला मनाई केली आणि नारळ चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी विकास गावडे याच्या हाती गेला. त्या वर्षी समुद्र सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखा गुमान बसला. पुढच्या वर्षी बुधाजी परत आले आणि समुद्र आठवडाभर बोंबलत राहिला.

विकासनं यंदा सभेत विषय काढला. "काका, रिस्पेक्ट आहेच. पण नारळ आता परफॉर्मन्सवर द्यायला पाहिजे."

त्याच्याकडे पुरावा होता, म्हणजे मुलगी होती. आकांक्षा उपग्रहांवरून लाटा मोजायचं काम करायची.

घरी बुधाजींनी हे सांगितलं तेव्हा गंगुबाई चहा गाळत होत्या. "घरातलो नळ तुमच्यान बंद होणा नाय," त्या म्हणाल्या, "समुद्र खंयचो थांबतलो!"

बुधाजी त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या सभेत आकांक्षानं भिंतीवर आलेख दाखवला. "उपग्रह वरून पाण्याला हाक मारतो," ती म्हणाली. "समुद्र सपाट असला तर ओ एकदम येते. लाटा मोठ्या असल्या तर माथ्यावरून आधी, खड्ड्यातून मागाहून, अशी लांबट येते. त्यावरून उंची कळते. आणि उंची म्हणजे सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी."

"मग बाकीच्या लाटांना कोण विचारत नाय?" बुधाजींनी विचारलं.

"नाही, आजोबा."

"म्हणजे कमिटीच झाली."

आलेखात विकासचं वर्ष सगळ्यांत खाली होतं. विकासनं कॉलर नीट केली. बुधाजी आपल्या हातांकडे बघत बसले.

"पण बाबा, त्या वर्षी अधिक श्रावण होता," आकांक्षा म्हणाली. "पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीला आली. तोवर पावसाळी वारा उतरतोच. ही समुद्राची वर्षानुवर्षांची सवय आहे. नारळ कोणी टाकला याचा संबंध नाही."

बुधाजींना पहिल्यांदा बरं वाटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी टाकलंय नसतंय, तरी…?"

"तरी शांत झाला असता, आजोबा."

विकासची कॉलर आपोआप पडली. एका नारळावर दोघांचं भांडण होतं, आणि या पोरीनं नारळच काढून घेतला होता.

"थांब गो बाय," बुधाजी उठले. "तुझो उपग्रह चौपाटीवर बघता काय?"

"किनाऱ्याजवळ जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो. तिथलं धड दिसत नाही. आम्ही खोल समुद्रातलं घेतो."

"म्हणजे मी नारळ सोडतंय, थंय त्यान बघूकच नाय?"

"…नाही."

"साक्षीदार जागेवर नव्हता!" विकास ओरडला. काकांच्या बाजूनं तो आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला होता. "ही जबानी धरायची नाही!"

ठराव एकमतानं झाला. निकाल लागेपर्यंत नारळ जुन्याच हाताकडे राहील. सभा संपल्यावर विकासनं स्वतः बुधाजींचा हात धरून त्यांना जिना उतरवला, आणि त्याच रात्री उपग्रह चालवणाऱ्या खात्याला अर्ज टाईप केला:

"तरी मेहेरबान साहेबांस विनंती की, येत्या नारळी पौर्णिमेस आपला उपग्रह गिरगाव चौपाटीवर नारळ सोडण्याच्या आधी व नंतर थोडा वेळ थांबवावा, त्याची उंची शक्य तितकी कमी करावी, आणि मोजणी कमिटीच्या दोन सभासदांसमक्ष करून त्यांची सही घ्यावी. सभासदांना वर नेण्याआणण्याची सोय खात्याने करावी. कळावे."