कुलूपबंद गिरणीचं दळण

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी बोरखेडीचं अख्खं गाव मारुतीच्या पारापाशी लोटलं होतं आणि जो तो नारळ घेऊन आला होता. नारळ मारुतीसाठी नव्हते. ते पारासमोरच्या आप्पारावांच्या पिठाच्या गिरणीसाठी होते. गिरणीला कुलूप होतं, पट्टा उतरवून खुंटीला टांगला होता आणि वीज पहाटेच गेली होती. तरी पारावर बॅटरीवर चाललेल्या टीव्हीत हिरवे आकडे सरसर चढत होते आणि त्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरं झळकत होती: दळण चालू आहे.

"मालक भाईर, लाईट न्हाई, आन् गिरणी आपोआप दळायली!" गोपाळने दोन्ही कान धरले.

नर्मदाबाईंनी कुलपाला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी शटरला कान लावून सांगितलं की आतून घरघर ऐकू येते. ती घरघर पाराच्या सावलीत झोपलेल्या एका म्हाताऱ्याची होती, पण सांगणार कोण आणि ऐकणार कोण!

या सगळ्यांच्या मागे दैवशाला कमरेला पदर खोचून उभी होती. तिला नारळ फोडायचा नव्हता, तिला पोत्यांची चिंता होती. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा जीवन ऊसतोडीला जाणार होते. घरी सासू पार्वतीबाई आणि पोरगी ऋतिका. त्या दोघींनी उन्हाळ्यापर्यंत जे खायचं, ती सगळी ज्वारी घरातल्या बळदात, म्हणजे भिंतीतल्या कोठारात, होती. आणि जीवनने ती आज सकाळी पोत्यांत भरून पारामागच्या टेम्पोत चढवली होती. टेम्पो आज संध्याकाळी निघणार होता.

टेम्पो भुजंग सरांचा. हा माणूस मागच्या आठवड्यात गावात उतरला तेव्हा त्याच्या अंगावर पांढराशुभ्र सदरा होता आणि तोंडात कुणालाच न कळणारे शब्द होते. ज्याचं बोलणं कळत नाही तो मोठा विद्वान, हा आपल्याकडचा जुना हिशेब, त्यामुळे त्याचा जम बसायला वेळ लागला नाही.

"बाजारात नाणी पुष्कळ आहेत," तो माईक ओठांना चिकटवून सांगे. "पण त्यांचा उपयोग काय? हवा! आपलं नाणं उपयोगी नाणं आहे. आपलं पीठ कॉइन! त्याच्या मागे सोनं नाही, त्याच्या मागे गिरणी आहे. जगभर गिरणीचं दळण विकलं जाणार, आणि दळण वाढलं की नाण्याचा भाव वाढणार. सध्या आपण लाँच करायच्या प्लॅटफॉर्मची चाचणी घेतोय. चाचणीत रुपये चालत नाहीत, ज्वारी चालते. आज एक पोतं देईल त्याच्या मोबाईलमध्ये लाँचच्या दिवशी दहा पोत्यांचं दळण!"

आप्पारावांना त्याने एक निळं जाकीट घातलं आणि त्यांचं नाव 'फाउंडर' ठेवलं. तेव्हापासून आप्पाराव उकाड्यातही जाकीट काढत नव्हते. घामाने निथळत ते लोकांचे नमस्कार घेत होते. मात्र वडिलांनी घालून दिलेला नेम त्यांनी मोडला नाही. अमावस्येला त्यांच्या गिरणीचा पट्टा कधीच चढत नसे. हा नेम बोरखेडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. भुजंग सरांना तेवढा ठाऊक नव्हता. म्हणून त्यांनी पारावर लावलेल्या टीव्हीत आकडे रोजच्यासारखेच धावत राहिले. चूक झाली होती सरांची, पण गावाने तिचा चमत्कार करून टाकला.

सर क्षणभर गडबडले. मग गर्दीतले नारळ पाहून त्यांना चेव आला. "हीच ती तंत्रज्ञानाची शक्ती!" ते गरजले. "यंत्र थांबलं तरी दळण थांबत नाही!"

"उघडा की मग कुलूप," दैवशाला मागून ओरडली. "पीठ बगू."

आप्पारावांनी कुलूप काढून शटर वर केलं. आत काहीच नव्हतं. काल संध्याकाळी झाडून काढलेली फरशी लख्ख पडली होती.

गर्दीने आत डोकावून पाहिलं आणि गोपाळला कंठ फुटला. "बगा, बगा! पिठाचा एक कण सांडला न्हाई! किती सफाईनं दळलंय!"

टाळ्या पडल्या. दैवशालाला हसावं की डोकं फोडून घ्यावं ते कळेना. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"सर, पीठ कुठाय?"

"ताई, पीठ ब्लॉकचेनवर आहे."

"आन् भाकर कशावर थापू? मोबाईलवर?"

"आगं, गप की," जीवन तिचा दंड धरून पुटपुटला. "लोक हसायलेत आपल्याला."

"हसू द्या. तुमी आत्याबाईला आन् पोरीला काय खायला ठिवून चाललाव, तेवडं सांगा."

जीवनने तिचा दंड सोडला. तेवढ्यात शाळेच्या सविता बाई आल्या. वर्गात एकही पोर आलं नाही म्हणून त्या शोधत निघाल्या होत्या आणि सगळा वर्ग त्यांना पारावर नारळाचं खोबरं खाताना सापडला. त्यांनी दैवशालाकडून सगळं ऐकून घेतलं, मग जीवनचा मोबाईल मागितला. पीठ कॉइन त्यात होतंच. आकडे टीव्हीसारखेच पळत होते.

"सर, हे आकडे कुठून येतात?"

"जगभरातून, मॅडम. इंटरनेटवरून. या क्षणाला."

"बरं." बाईंनी मोबाईलचं इंटरनेट बंद केलं, रेंजही बंद केली आणि मोबाईल सगळ्यांना दिसेल असा वर धरला. आकडे धावतच होते.

"जगाशी संबंध तुटला, तरी जगभरातून दळण येतंय," बाई म्हणाल्या. "आता आणखी एक गंमत बघा."

त्यांनी मोबाईलमधली तारीख बदलली आणि एक वर्ष पुढे नेली. पडद्यावरचे आकडे ताडकन उडाले. अजून न पेरलेल्या ज्वारीचं पुढच्या वर्षाचं दळण बोरखेडीच्या पारावर एका दमात पूर्ण झालं! मग बाईंनी तारीख मागे नेली, भुजंग सर गावात यायच्याही आधी. आकडे भराभर उतरले आणि शून्यावर येऊन थांबले.

"आरं देवा," नर्मदाबाई म्हणाल्या. "पिठाची परत ज्वारी झाली."

गर्दीत पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं.

"यात गिरणी कुठंच नाही," बाई सांगू लागल्या. "हे निव्वळ घड्याळ आहे. जसजसा वेळ जातो तसतसा आकडा वाढवायचा, एवढंच याला शिकवलंय. गिरणी चालू की बंद, याला काय कळतंय? म्हणून आज अमावस्येलाही ते दळतंय. आप्पा, तुम्ही सांगा, या नाण्यावर आजवर कुणाचं एक पायली तरी दळण दळलंत?"

आप्पारावांनी मान खाली घातली. "न्हाई बाई. सर म्हणले, लाँच झाल्यावर."

"तुम्हाला काय मिळालं?"

"जाकीट."

"मॅडम, तुमचा गैरसमज होतोय!" सर माईक घट्ट धरून म्हणाले. "ही फक्त चाचणी आहे. चाचणीत अशा गोष्टी..."

"चाचणी खोट्या दळणाची आन् ज्वारी खरी?" दैवशालाने विचारलं. "खोटी ज्वारी कामून न्हाई घेतली?"

सरांनी माईक खाली टाकला. ते पारावरून उतरून टेम्पोकडे चालू लागले, मग पळू लागले. पण दैवशाला त्यांच्याआधी तिथं पोचली होती आणि टेम्पोत स्वतःच्या पोत्यावर मांडी घालून बसली होती. "चालवा आता टेम्पो," ती म्हणाली. "मला बी घिऊन चला लाँचला." जीवनने धावत जाऊन किल्ली काढून घेतली. गोपाळनेच मग सरांची कॉलर धरली, बहुधा स्वतःच्या नारळाच्या रागाने.

सविता बाईंनी फोन केल्यावर तालुक्याहून, सोनपेठहून, पोलीस आले. टेम्पोतली पोती ज्याची त्याला मिळाली. पण आधीची एक खेप दोन दिवसांपूर्वीच बाजारात विकली गेली होती आणि त्यात नर्मदाबाईंची सगळी ज्वारी होती. कुलपाला हळदकुंकू वाहणारी ती बाई शटरपाशी बसून रडली. तिच्यावर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पारावांनी जाकीट न घालता घरोघर फिरून तिच्यासाठी सुपासुपाने ज्वारी गोळा केली आणि पहिलं सूप स्वतःच्या घरचं टाकलं.

दसऱ्यानंतर निघायच्या सकाळी दैवशालाने बळदाचं तोंड लिंपलं आणि सासूला समोर बसवलं.

"आत्याबाई, आमी गेल्यावर कुणी बी काई चमत्कार घिऊन आलं, तर हात जोडायच्या आदी तपासायचं. म्हणायचं, ही घे पायलीभर ज्वारी, हितंच दळ, माज्या डोळ्याम्होरं. पीठ दिसलं तर फुडचं बोलू."

"आन् खरंच देवमाणूस असला तर? त्याला राग यायचा न्हाई का?"

"खऱ्याला तपासल्याचा राग येत न्हाई, आत्याबाई. ज्याला राग आला, त्याला दारातूनच वाट दावायची."

पार्वतीबाईंनी मान डोलावली. बाहेर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. दैवशालाने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती निघाली.